सुटलेले रोजे

दुम्यात, २५ नोव्हेंबर १९९८

इन्शिराहवहिनी,

तुमच्या भावाने परत सांगितलं की तुम्ही नमाजाला बसलाय. सकाळी साडेदहाला कुठला नमाज असतो हे मी वग्दीभाईंना विचारलं नाही. त्यांचा फोनवरचा आवाज कोर्टातल्या शिपायासारखा आहे, समोर नसले तरी मी उभा राहतो. म्हणून हे पत्र. अक्षराला हसू नका. शाळेत असताना माझं शुद्धलेखन तुम्हीच तपासायचात आणि कंटाळून मध्येच सोडून द्यायचात, तेव्हा अर्धा दोष तुमचा.

मी घरी आलोय. ह्या वेळी कुणी धरून आणलं नाही, आपला आपण आलो. अकाबाच्या धक्क्यावर सामान उतरवायचं काम करत होतो. काम वाईट नव्हतं, मुकादम इराकी होता आणि दुपारी सगळ्यांना चहा पाजून एकच गोष्ट रोज सांगायचा, त्यात त्याची बायको रोज वेगळ्या गावची असायची. ते असो. आपल्याकडचा एक ट्रकवाला आईचा निरोप घेऊन आला, 'फिक्री बोलत नाही.' मला वाटलं, दादा माझ्याशी बोलत नाही. त्यात काय नवीन. इथे पोचल्यावर कळलं की कुणाशीच नाही.

तुम्ही माहेरी गेलात तेव्हा तो निदान चिडायचा, असं आई म्हणते. आता तेही नाही. खालचं वर्कशॉप बंद आहे. कुणा सरकारी साहेबाच्या मुलीच्या पलंगाचं कोरीव डोकं, उशाकडची फळी, तिथेच भिंतीला टेकवून ठेवलंय. डावीकडचे गुलाब कोरून झालेत, उजवीकडचे नुसते पेन्सिलीचे आहेत. डाव्या बाजूच्या शेवटच्या गुलाबाला पाकळ्या कुठे जाड कुठे फाटलेल्या. मी आईला म्हटलं, हा गुलाब कुठल्या शिकाऊ पोराने बिघडवला? आई म्हणाली, तो फिक्रीचाच. पहिल्या गोळ्यांनी त्याचा हात थरथरायचा, आणि जवळचं दिसायचं नाही. तुम्ही तेव्हा इथेच होतात, तुम्हाला माहीत असणार. मला माहीत नव्हतं.

पटाश्या सगळ्या धार लावायला दिल्या आहेत, म्हणून काम सध्या तसंही बंदच आहे.

निहालला सांगा, काकाने अकाबाहून शंख आणलाय. कानाला लावला की समुद्र ऐकू येतो असं म्हणतात. मला त्यात जनरेटर ऐकू येतो.

तुमचा दीर,
बहगत


दुम्यात, १२ डिसेंबर

वहिनी,

मागच्या पत्राचं उत्तर नाही, ते ठीकच. मी तरी कुणाच्या पत्राला कधी उत्तर दिलंय.

दादाला मन्सूऱ्याला घेऊन गेलो होतो, डॉक्टर सिद्कींकडे. माणूस सिगरेट ओढतो आणि ओढताना रोग्याला सांगतो की तुम्ही ओढू नका. पण मला आवडला, कारण त्याने दादाला 'देवावर भरवसा ठेव' असं म्हटलं नाही. ते म्हणणारे इथे जिन्यापासून मशिदीपर्यंत रांगेत उभे आहेत. कालच मामी येऊन सांगून गेली, 'एवढा धडधाकट पुरुष, ना ताप ना खोकला, रोग कुठे आहे दाखव तरी.' दादाने तिच्याकडे बघितलं, जणू तो स्वतःही तेच शोधतोय आणि तिला सापडलं तर बरंच होईल.

डॉक्टरांनी मला कागदावर आकृती काढून दाखवली. एक शीर संपते, पुढची सुरू होते, मध्ये फट. निरोप घेऊन काहीतरी रसायन त्या फटीतून पलीकडे जातं. मी म्हटलं, म्हणजे नुवैबा-अकाबाची फेरीबोट. त्यांनी फेरी बघितलेली नव्हती, मी सांगितली: बोट अकाबाला लागते, माणसं धक्क्यावर उतरतात, पण फाटकापर्यंत पोचायच्या आतच बोटवाले त्यातल्या अर्ध्यांना कागद अपुरे म्हणून परत आत ओढतात. डॉक्टर म्हणाले, अगदी तेच, आणि तुझ्या भावाच्या डोक्यात बहुतेक फार लोक परत ओढले जातात. बहुतेक. खात्रीने कुणालाच माहीत नाही, असंही त्यांनी सांगितलं, आणि तेव्हा माझा उत्साह गेला.

तर गोळ्यांची घराणी अशी. जुनं घराणं, ज्यातली दादाला आधी दिली होती, ते बोटीचे परतीचे दरवाजे लावून टाकतं, म्हणजे उतरलेली माणसं धक्क्यावर जास्त वेळ राहतात. पण ह्या घराण्याला दारं ओळखता येत नाहीत. दिसेल ते दार लावतं. तोंडाची लाळ बंद, पोट बंद, डोळ्यांपुढे धुकं, हात थरथर, दिवसभर झोप. त्याच्या गुलाबाचं जे झालं ते ह्यामुळे.

नवं घराणं एकच दार नेमकं लावतं. तेच त्याला वर्षभर दिलं. त्याने हाताची थरथर थांबली, पण मळमळ आली, आणि आणखी एक गोष्ट, जी दिराने वहिनीला लिहू नये. मी हे वाक्य तीनदा खोडलंय. तुम्ही एकदा आईजवळ रडला होतात की तो तुमच्याकडे पाठ करून झोपतो, हात लावला तर अंग चोरतो, त्याच्या मनात दुसरी कुणी आहे. डॉक्टर म्हणाले, ह्या गोळीने पुरुषाचं ते विझतं, अनेकांचं, आणि कुणी सांगत नाही. दादानेही त्यांना सांगितलं नव्हतं. मी तिथेच बसलो होतो, त्यांनी त्याला सरळ विचारलं, तो जमिनीकडे बघून 'हो' म्हणाला. त्या दिवशीचा त्याचा तो एकच शब्द. दुसरी कुणी नाही, वहिनी. पहिलीसुद्धा त्याला त्या दिवसांत पेलत नव्हती.

तिसरं घराणं अगदी अलीकडचं, दोन दारं लावतं. आता ते सुरू केलंय. दिवसातून तीनदा, जेवणाबरोबर. मध्येच बंद करायचं नाही. आणि गुण यायला तीन-चार आठवडे, त्रास मात्र पहिल्या दिवसापासून. मी म्हटलं, हे तर मुकादमासारखं झालं, शिव्या आज आणि पगार महिन्याने. डॉक्टर हसले, दादा नाही.

चौथंही एक आहे, सगळ्यात जुनं. ते दारांना हात लावत नाही. धक्क्यावर रेंगाळणाऱ्यांना जो झाडून टाकतो त्या झाडूवाल्यालाच ते घरी बसवतं. पण तोच झाडूवाला जुन्या चीजचं आणि खारवलेल्या माशाचं विषही झाडत असतो, तो नसला आणि माणसाने ते खाल्लं तर रक्तदाब आभाळाला. ते औषध इथे मिळत नाही. मिळालं असतं तरी आमच्या आईच्या घरात, जिथे मुरलेल्या चीजचा रांजण नवऱ्यापेक्षा जास्त टिकला, तिथे दादा आठवडाभर जगला नसता. मी हे आईला गमतीने सांगितलं तर तिने रांजण उचलून शेजारी देऊन टाकला. ते औषध त्याला दिलेलंच नाही हे तिला पटवायला मला अर्धा तास लागला, आणि शेजारीण आता रांजण परत देत नाही.

अजून एक. तुमच्या वडिलांच्या मातीला दादा आला नाही. मांडवात वग्दीभाईंनी दारात त्याच्यासाठी खुर्ची रिकामी ठेवली होती, ती तीन रात्री रिकामीच राहिली, हे तुमच्या सगळ्या तांता गावाला ठाऊक आहे. हे तुम्हाला ठाऊक नसेल: तो काळा कोट घालून तयार झाला होता. एका पायात बूट होता. दुसरा हातात. पलंगाच्या कडेला बसला आणि तो बूट त्याला घालता आला नाही. संध्याकाळी आई खोलीत गेली तेव्हाही तसाच बसलेला, बूट हातात. आईने तुम्हाला सांगितलं नाही, कारण तिला त्याची लाज वाटली. तुम्हाला काय सांगणार, बूट जड झाला म्हणून?

मला वाटलं, तुम्हाला सांगावं. तुम्ही परत या असं मी म्हणत नाहीये.

बहगत


दुम्यात, २३ डिसेंबर, रमजान

वहिनी, रमजान मुबारक.

ह्या पत्रात चांगली बातमी आहे, म्हणून अक्षरही बरं येतंय.

रमजानच्या आदल्या दिवशी परत मन्सूऱ्याला गेलो. दादाने रोजा धरायचा हट्ट धरला होता. हट्ट म्हणजे काय, तो तोंडाने काहीच बोलत नाही, फक्त दुपारच्या गोळीपुढचा घास बाजूला सरकवून ठेवला, सवय करत असल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, अजिबात नाही. तीनदा अन्नाबरोबर गोळी, वजन आधीच उतरलंय, झोप नाही. आजाऱ्याला सूट आहे. मग सिगरेट विझवत सहज म्हणाले, 'बरा झालास की भरून काढ.'

परतताना मायक्रोबसमध्ये मी ड्रायव्हरशी वाद घालत होतो, त्याने हवेचं तोंड आमच्याकडे केलं होतं, थंडीत. तेवढ्यात दादा खिडकीकडे बघत बोलला. 'शाबानच्या आत भरून टाकीन.'

मी ड्रायव्हरला विसरलो. वहिनी, तुम्ही ह्या वाक्यातलं काय ते ओळखलंत ना? टाकीन. गेलं वर्षभर ह्या माणसाच्या तोंडात 'उद्या' नव्हता. आईने 'उद्या भाजी काय करू' विचारलं तरी त्याला त्रास व्हायचा. आणि आता तो शाबानबद्दल बोलतोय, पुढच्या रमजानच्या आदला महिना, जवळजवळ वर्ष पलीकडे. सुटलेले रोजे म्हणजे देवाचं देणं, आणि ज्याच्यावर देणं आहे त्याने कुठे जायचं? मला मशिदीत धर्म कळला नाही, शेख अब्दुलबर साक्षीला आहेत, त्यांनी माझे कान इतके ओढलेत की एक अजून मोठा आहे. पण त्या बसमध्ये थोडा कळला.

तर आता आमच्या घरात असं चाललंय: आई आणि मी रोजा धरतो, दादा आतल्या खोलीत दार लावून दुपारचा भात खातो. चोरासारखा. रस्त्यावर भांड्याचा आवाज जाऊ नये म्हणून लाकडी चमच्याने. त्याला लाज वाटते, पण खातो. खायला लागतोय म्हणजे पुढे भरून काढायचंय, असं त्याच्या मनात असावं. मी विचारलं नाही. विचारलं तर मोडेल अशी वाटली ती गोष्ट.

निहालचा फानूस अजून छतालाच टांगलाय. मी मेणबत्ती बदलली.

बहगत


दुम्यात, ४ जानेवारी १९९९

वहिनी,

हे कसं सांगू. कुणी काही वाईट केलं नाही, म्हणूनच सांगता येत नाही.

आई शेखसाहेबांकडे गेली. फिक्रीच्या रोज्यांचं काय करायचं विचारायला. त्यांनी नियम सांगितला तो तुम्हाला माहीत आहे: बरा होणारा आजारी असेल तर बरा झाल्यावर भरून काढावं. बरा न होणारा असेल, म्हाताऱ्यासारखा, तर सुटलेल्या प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालावं, आणि विषय संपला. मग त्यांनी तिला विचारलं, 'मुलगा बरा होण्यासारखा आहे का?' आता ह्यावर आईने काय म्हणावं? ती देवाला घाबरते. 'होईल' म्हटलं आणि झाला नाही, तर त्याचं देणं त्याच्या मानेवर राहील, तो त्याच देण्यासकट मरेल, असं तिला वाटलं. 'इतकी वर्षं झाली, शेखसाहेब,' ती म्हणाली, 'नाही होत तो बरा.' मुलाला वाचवायला म्हणाली.

त्या दिवसापासून तिन्हीसांजेला रोजा सोडायची तोफ व्हायच्या आधी घरातून एक ताट निघतं. आधी ताट, मग आम्ही. भात, मोलोखियाची भाजी, मांस असेल त्या दिवशी त्यातला चांगला तुकडा. समोर जिन्याखाली राहतात त्या शहातकाकांसाठी. तुम्हाला आठवत असतील, पॉलिशवाले, ज्यांची छाती पॉलिशच्या वासाने गेली. माणूस भला. पण त्यांना हळू बोलता येत नाही, छातीत जो काही वारा उरलाय तो सगळा एकदम बाहेर येतो. ताट घेतात आणि गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणतात, 'अल्लाह कबूल करो, फिक्रीच्या नावाने.'

पहिले एक-दोन दिवस दादाने ऐकलं नसावं. मग एकदा तो आतून आला, आई ताट वाढत होती.

'हे कुणाचं?'

'तुझं रे राजा,' आई म्हणाली. 'तुझ्या रोज्यांचं. तुझी सुटका झाली, आता डोक्याला घोर नको.'

तो ताटाजवळ आला. मोलोखियाची वाफ येत होती. मग म्हणाला, 'म्हणजे ठरलं.'

आईला कळलं नाही. 'हो, ठरलं, शेखसाहेबांनीच सांगितलं,' ती खुशीत म्हणाली.

मला कळलं आणि मला काही करता आलं नाही. तोफ झाली. आम्ही खजूर तोंडात घातला.

ब.


दुम्यात, ११ जानेवारी

वहिनी,

मी सगळीकडे जाऊन आलो. अनुक्रमे सांगतो, नाहीतर मी भरकटतो.

शेखसाहेबांकडे गेलो. म्हटलं, तुमच्या नियमाने माझा भाऊ जिवंतपणी म्हाताऱ्यांत गेला. ते रागावले नाहीत, उलट त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, 'मी वैद्य नाही, बाळा. मी आईला विचारलं, आईने सांगितलं. उद्या डॉक्टर म्हणाले की बरा होणार आहे, तर ते ताट नुसतं दान ठरेल आणि रोजे त्याच्याकडे बाकी राहतील. डॉक्टरांकडून तेवढं आण.'

डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, एक वाक्य द्या, हा बरा होणार आहे. त्यांनी सिगरेट पेटवलीच नाही, नुसती बोटांत फिरवत राहिले. 'होण्याची शक्यता चांगली आहे,' म्हणाले. मी म्हटलं, शक्यता नको, वाक्य द्या. 'तसं वाक्य मी कुणालाच देत नाही. दोन घराण्यांनी काम केलं नाही, तिसरं चालू आहे. हेही नाही चाललं तर दोन एकत्र करता येतात, आणखी उपाय आहेत. पण तू मागतोस ते माझ्याकडे नाही.' प्रामाणिक माणूस. त्या दिवशी मला खोटारडा हवा होता.

आईला म्हटलं, ताट बंद कर. ती म्हणाली, 'आणि शहात काय खाईल?' ते खरंच आहे. शहातकाका आता दुपारपासून दारात खुर्ची टाकून बसतात. मी त्यांना म्हटलं, निदान नाव तरी घेऊ नका. ते म्हणाले, 'ज्याचं खातो त्याचं नाव न घ्यायला मी काय मांजर आहे?' मग बिचारे खूप खोकले. आता नाव हळू घ्यायचा प्रयत्न करतात, त्यामुळे आणखी खोकतात, आणि खोकल्यातून नाव येतंच.

दादा परत भिंतीकडे तोंड करून आहे. परवा मान वळवली की तो डोळे घट्ट मिटायचा. विचारलं तर म्हणाला, डोकं फिरवलं की आत वीज चमकते. मला डॉक्टरांनी सांगितलं होतं की ही गोळी अचानक सोडली तर असंच होतं. मी खोली शोधली. तुमची ती गादी न भरलेली खुर्ची, जिच्या बैठकीतला काथ्या अजून उघडा आहे, त्यात सगळ्या गोळ्या. एकेक करून खोल दाबलेल्या, खुर्ची भरताना तो काथ्या दाबायचा तशाच, नीट. मी विचारलं, का. तो म्हणाला, 'भरून काढायचं नाहीये ना काही. मग दुपारचं जेवण कशाला?'

आता तिन्ही वेळा मी समोर बसतो. तो गिळतो, जीभ दाखवतो. माझा मोठा भाऊ मला जीभ दाखवतो, लहान पोराला डॉक्टर सांगतो तसं. मी नुवैबापासून बेनगाझीपर्यंत खूप गोष्टी बघितल्या, ही बघायला नको होती.

आणि पटाश्या धार लावायला दिलेल्या नाहीत. त्या त्याच्या हाती लागू नयेत म्हणून मी पोत्यात बांधून मामीकडे ठेवल्यात. आल्याच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हा तुम्हाला लिहिलं नाही.

आता मागणं. मी हे लिहू नये, पण दुसरं कुणी नाही. रमजाननंतर तुम्ही तुमच्या त्या चार दिवसांचे सुटलेले रोजे भरून काढायचात, सगळ्या बायका काढतात, त्यात लपवण्यासारखं काय, पण तुम्ही लपवायचात. आणि दादा तुमच्याबरोबर धरायचा. एकटीला उपाशी कसं ठेवायचं म्हणून. वर्कशॉपमध्ये सांगायचा पोट बिघडलंय, पोरं चहा घेऊन मागे लागायची, तो नको नको म्हणायचा. मी तेव्हा तिथे पॉलिश पेपर घासत होतो, मला सगळं कळायचं. मी त्याला चिडवलं तर म्हणाला, 'गप रे. तिला चांगलं वाटतं.'

वहिनी, परत या असं मी म्हणत नाही. पण ह्या घरात ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी कुणालाच म्हणता येत नाही की त्याच्याकडे अजून काही बाकी आहे. आई भीतीने नाही म्हणत, डॉक्टर खरेपणाने नाही म्हणत, शेख नियमाने. मी म्हटलं तर तो म्हणतो, तू कुठे राहणार आहेस इथे, वसंतात जाशील. त्याचंही खरं आहे. तुम्ही म्हणाल का?

बहगत


दुम्यात, ईदचा दुसरा दिवस

ईद मुबारक, वहिनी. निहालला माझ्याकडून ईदी. नोट जुनी आहे पण चालते.

ईदचे गोड काहक भाजले. दादाने एक उचलला, हातात धरला, पिठीसाखर बोटांवरून गादीवर पडत राहिली. खाल्ला नाही, खाली ठेवलाही नाही. आईने शेवटी हळूच काढून घेतला.

रमजान संपला, ताट संपलं. शहातकाका काल सवयीने दारात आले होते. आईने वाढलं. ह्या वेळी त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही.

बहगत


दुम्यात, सोमवार, १ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पार्सल शनिवारी मिळालं. हलव्याच्या डब्यात तेवढा एक कागद. मी तो उलटून बघितला, उजेडाला धरून बघितला, आणखी काही असेल म्हणून. 'सोमवारी माझा आहे. त्याला सांग, किंवा नको सांगू.' एवढंच. 'रोजा' हा शब्दसुद्धा नाही. तुम्ही माझ्यासारख्या फाटे फोडत नाही हे मी विसरलोच होतो.

सांगायचं की नाही, ह्याच्यावर मी रविवार घालवला. कालव्यापर्यंत चालत गेलो, बोट रंगवणाऱ्यांशी बोलत बसलो, त्यांनी काम देऊ केलं, मी हो म्हणून आलो आणि विसरलो. संध्याकाळी सांगितलं. दादाने कागद घेतला. वाचला. चार घड्या करून उशीखाली ठेवला, आणि परत काढून वाचला.

आज पहाटे मला स्वयंपाकघरात आवाज आला. तो उठला होता. स्वतः. शिजवलेल्या घेवड्याचं फूल गरम करत होता, त्यात तेल घालत होता, खाली सांडत होता. वहिनी, मी दारात उभा राहिलो आणि आत गेलो नाही. त्याने पोटभर खाल्लं. पाणी प्याला. फजरची बांग झाली तेव्हा त्याने पेला उलटा घातला, जसा आपल्याकडे घालतात, आता संध्याकाळपर्यंत नाही.

आणि मग दुपार झाली.

मी गोळी आणि पाव घेऊन त्याच्यासमोर बसलो. त्याच्याकडे बघायचं सोडून मी दुसरीकडे बघत होतो. न दिली तर परत ती वीज, परत तो काथ्या, डॉक्टरांनी बजावलंय एक वेळही चुकवायची नाही. दिली तर ज्या एका गोष्टीसाठी हा माणूस उठून फूल गरम करतो ती मीच त्याच्या हातून काढून घेतो. डॉक्टरांचा फोन लागत नव्हता. आई दुसऱ्या खोलीत होती आणि मुद्दाम येत नव्हती. मी म्हटलं, 'दादा, तूच सांग.'

त्याने गोळी जवळ ओढली.

'घेतली तर तिच्याबरोबर नाही,' तो म्हणाला. 'नाही घेतली तर कुणाबरोबरच नाही.'

आणि घेतली. पावाचा तुकडा तोडून खाल्ला, पाणी प्याला. जीभ दाखवायला गेला, मी नको म्हटलं. मग तो भिंतीकडे वळून झोपला. त्याची पाठ हलत होती. मी त्या पाठीवर हात ठेवावा की नाही हे मला कळलं नाही. आम्हा भावांना तशी सवय नाही. मी ताटली उचलून बाहेर आलो, आणि बाहेरही काय करायचं ते माहीत नव्हतं म्हणून वर्कशॉपमध्ये जाऊन त्या पलंगाच्या डोक्यावरची धूळ पुसली. पेन्सिलीचे गुलाब पुसले जाणार नाहीत अशी.

सूर्य मावळायच्या आधी तो उठून खिडकीत बसला. तांत्याच्या बाजूच्या. तिथून तांता दिसत नाही, दिसते ती समोरच्यांची गच्ची आणि त्यांची कबुतरं. मगरिबची बांग झाली. तिकडे तुम्ही खजूर तोंडात घातला असेल. त्याने इथे काही खाल्लं नाही, नुसता बसला बांग संपेपर्यंत. मग मला हाक मारली.

'तिला लिही.'

मी कागद आणला. विचारलं, काय लिहू. त्याचे ओठ हलले, बंद झाले, परत हलले. मला वाटलं आता बूट जड झाला.

'मी खाल्लं म्हणून लिही,' तो म्हणाला. 'एवढंच.'

मी आणखी काही आहे का विचारलं. त्याने मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ मला कळला नाही, हो की नाही, म्हणून तुम्हाला तसाच लिहितोय. तो बरा होणार आहे का मला माहीत नाही. उद्या उठेल का, तेही माहीत नाही. मी इथे किती दिवस टिकेन, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

पण त्याने सांगितलंय म्हणून: त्याने खाल्लं.

तुमचा पुढचा कधी आहे?

बहगत